विल्सन आणि मेक्सिकोची क्रांती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन याने मेक्सिकोत दोनदा फौज घातली, १९१४ मध्ये आणि १९१६ मध्ये. दोन्ही वेळा युद्ध जाहीर केलं नाही आणि दोन्ही वेळा ठरवलेलं काम पूर्ण न होता फौज परत आली. मेक्सिकोच्या क्रांतीचा सगळा इतिहास इथे नाही. विल्सनचे निर्णय समजायला लागतो तेवढाच घेतला आहे.

सगळ्यात आधी, कोण कोणाविरुद्ध लढत होतं?

पोर्फिरिओ दियासने मेक्सिकोवर तीसेक वर्षं राज्य केलं. रेल्वे आली, खाणी सुरू झाल्या, तेल निघालं. जमिनी मात्र हासिएन्दांच्या, म्हणजे बड्या जमीनदारी मळ्यांच्या घशात गेल्या. १९१० मध्ये फ्रान्सिस्को मादेरोने बंडाची हाक दिली, मे १९११ मध्ये दियास पायउतार झाला आणि पुढे मादेरो निवडून आला. फेब्रुवारी १९१३ मध्ये राजधानीत दहा दिवस तोफा धडधडल्या. मादेरोचाच सेनापती व्हिक्टोरियानो हुएर्ता उलटला आणि त्याला कैद करून स्वतः गादीवर बसला. २२ फेब्रुवारीच्या रात्री मादेरो आणि उपराष्ट्राध्यक्ष पिनो सुआरेस यांना दुसऱ्या तुरुंगात हलवतो असं सांगून बाहेर काढलं आणि गोळ्या घातल्या.

हुएर्ताविरुद्ध उत्तरेत संविधानवादी उठले. त्यांचा म्होरक्या कोआविला प्रांताचा गव्हर्नर व्हेनुस्तियानो कारान्सा आणि गाजलेले सेनानी आल्व्हारो ओब्रेगोन आणि पांचो व्हिया. दक्षिणेत मोरेलोसमध्ये एमिलियानो सापाता जमिनीसाठी आपली लढाई वेगळीच लढत होता. हुएर्ता गेल्यावर ही मंडळी एकमेकांवर उठली: इकडे कारान्सा आणि ओब्रेगोन, तिकडे व्हिया आणि सापाता. विल्सनचा पहिला हस्तक्षेप हुएर्ताच्या काळातला, दुसरा या भाऊबंदकीतला. हे टप्पे वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ संपतो.

मादेरोला पाडण्यात विल्सनचाच हात होता ना?

होता, पण त्या विल्सनचा नव्हे. मेक्सिकोतल्या अमेरिकी राजदूताचं नाव हेन्री लेन विल्सन. राष्ट्राध्यक्षाशी त्याचं नातं नव्हतं, त्याची नेमणूक आधीचा राष्ट्राध्यक्ष टाफ्ट याच्या कारकिर्दीतली. १८ फेब्रुवारी १९१३ रोजी हुएर्ता आणि बंडखोरांचा पुढारी, पोर्फिरिओ दियासचा पुतण्या फेलिक्स दियास यांच्यात सत्तावाटपाचा समझोता झाला, तो या राजदूताच्या साक्षीने, अमेरिकी वकिलातीतच. वुड्रो विल्सनने शपथ घेतली ४ मार्चला, म्हणजे मादेरोच्या खुनानंतर दहा दिवसांनी. राजदूताला त्याने त्याच उन्हाळ्यात परत बोलावून घेतलं. मेक्सिकोतला शंकेखोरपणा मात्र तिथूनच सुरू झाला: आज लोकशाहीचे धडे देतायत, काल यांच्याच दिवाणखान्यात कट शिजला.

हुएर्ताला मान्यता न देण्यात एवढं विशेष काय?

तोवरची अमेरिकी रीत सोपी होती: राजधानी, खजिना आणि फौज ज्याच्या हातात, तो राज्यकर्ता. तो गादीवर कसा आला हे विचारायचं नाही. ब्रिटनने याच न्यायाने हुएर्ताला मान्यता दिली. विल्सनने नवीन कसोटी आणली: सरकार घटनेनुसार आलेलं हवं.

कागदोपत्री हुएर्ता घटनेनुसारच आला होता. मादेरो आणि पिनो सुआरेस यांचे राजीनामे घेतले. नियमाप्रमाणे परराष्ट्रमंत्री पेद्रो लास्कुराइन राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने हुएर्ताला गृहमंत्री नेमलं आणि लगेच स्वतः राजीनामा दिला. त्याची कारकीर्द पाऊण तासाची भरली. म्हणजे विल्सनचा आक्षेप कायद्याच्या कलमावर नव्हता, खुनावर होता. नैतिक कसोटी म्हणून ती समजण्यासारखी आहे, पण तिची एक अडचण आहे. एकदा ‘तू चालणार नाहीस’ म्हटलं की ‘मग कोण चालेल’ याचं उत्तरही आपल्यालाच द्यावं लागतं, आणि ते देण्याचा अधिकार मेक्सिकोत कुणीही विल्सनला दिला नव्हता.

‘सावध प्रतीक्षा’ म्हणजे नुसतं बसून राहणं का?

हुएर्ताबाबतच्या आपल्या धोरणाला विल्सनने दिलेलं नाव तसं आहे, पण ही प्रतीक्षा बरीच हालचालीची होती. राजदूतावर विश्वास नसल्याने विल्सनने खासगी दूत पाठवले. आधी पत्रकार विल्यम बेयार्ड हेल, मग ऑगस्ट १९१३ मध्ये मिनेसोटाचा माजी गव्हर्नर जॉन लिंड. लिंडला ना स्पॅनिश येत होतं, ना मेक्सिकोचा अनुभव होता. त्याने चार अटी पुढे ठेवल्या: लढाई ताबडतोब थांबवा, लवकर मोकळ्या निवडणुका घ्या, हुएर्ताने त्यात उभं राहायचं नाही, आणि निकाल सगळ्यांनी मानायचा. मेक्सिकोचा परराष्ट्रमंत्री फेदेरिको गाम्बोआ याने त्या फेटाळल्या: ज्या सरकारला तुम्ही मानत नाही, त्याच्याच निवडणुकीत कोण उभं राहील हे तुम्ही कसं ठरवता?

ऑक्टोबरमध्ये हुएर्ताने संसद बरखास्त करून खासदारांना तुरुंगात टाकलं. त्यानंतर विल्सनने हळूहळू नाक दाबायला घेतलं. लंडनवर वजन टाकून ब्रिटनचा पाठिंबा सैल केला. ३ फेब्रुवारी १९१४ रोजी शस्त्रबंदी, म्हणजे मेक्सिकोला हत्यारं विकण्यावरची बंदी, उठवली, त्यामुळे कारान्साच्या लोकांना सरहद्दीवरून उघडपणे बंदुका घेता येऊ लागल्या. एवढ्यावर थांबला असता तर बहुधा हुएर्ता पडलाच असता, कारण व्हिया आणि ओब्रेगोन रेल्वेमार्गाने दक्षिणेकडे सरकत होते. पण मध्येच ताम्पिको घडलं.

ताम्पिकोत नेमकं काय झालं? एका सलामीवरून एवढं?

९ एप्रिल १९१४. ताम्पिको हे तेलाचं बंदर. शहर हुएर्ताच्या फौजेकडे, वेशीवर संविधानवादी. ‘डॉल्फिन’ या अमेरिकी जहाजाची एक होडी पेट्रोल आणायला इतुर्बिदे पुलाजवळच्या धक्क्याला लागली. तो भाग लष्कराने बंद केलेला होता. पहाऱ्यावरच्या मेक्सिकन अधिकाऱ्याने पेमास्टर (जहाजावरचा पगार-हिशेब पाहणारा अधिकारी) आणि खलाशी यांना पकडून नेलं. दोन खलाशी तर होडीतूनच उतरवले, आणि होडीवर पुढे-मागे अमेरिकी झेंडा लावलेला होता. अमेरिकी नौदलाच्या मते झेंडा लावलेली होडी म्हणजे अमेरिकेचीच भूमी, त्यामुळे धक्क्यावर पकडलेल्यांपेक्षा या दोघांची अटक गंभीर ठरली.

दीड तासात सगळे सुटले. शहराचा सेनापती मोरेलोस सारागोसा याने माफीही मागितली. साधारणपणे प्रकरण इथे मिटतं. पण रिअर अ‍ॅडमिरल हेन्री मेयो याने वॉशिंग्टनला न विचारता लेखी मागणी पाठवली: औपचारिक माफी, त्या अधिकाऱ्याला शिक्षा, किनाऱ्यावर ठळक जागी अमेरिकी झेंडा उभारून २१ तोफांची सलामी, मुदत संध्याकाळी सहापासून २४ तास. विल्सन तेव्हा ईस्टरच्या सुटीसाठी राजधानीबाहेर होता. बातमी कळली तेव्हा मागणी जगजाहीर झालेली. मागे घ्यावी तर नाक कापलं जाणार, म्हणून त्याने ती उचलून धरली.

मग सुरू झाला शब्दांचा कीस. हुएर्ता म्हणाला, सलामी देतो, पण तुम्हीही तोफेला तोफ उत्तर द्या आणि तसं लेखी ठरवा. लेखी करार करायचा तर हुएर्ताच्या सरकारला मान्यता दिल्यासारखं होणार, म्हणून परराष्ट्रमंत्री ब्रायनने नकार दिला. म्हणजे जे सरकार अमेरिकेच्या लेखी अस्तित्वातच नाही, त्याच्याकडून सलामी मात्र हवी. या गाठीतून सुटायला जागाच उरली नव्हती.

व्हेराक्रूझवर फौज उतरवली ती सलामीसाठी की शस्त्रांच्या जहाजासाठी?

निमित्त सलामीचं, घाई जहाजाची. २० एप्रिलला विल्सनने संसदेकडे बळाच्या वापराची परवानगी मागितली. प्रतिनिधिगृहाने त्याच दिवशी दिली, सिनेटमध्ये चर्चा चालू होती. २१ तारखेच्या पहाटे अडीचच्या सुमारास व्हाइट हाउसमध्ये फोन खणखणला. ‘इपिरांगा’ नावाचं जर्मन जहाज सकाळी व्हेराक्रूझला लागणार, त्यावर २०० मशीनगन आणि दीड कोटी काडतुसं आहेत, माल न्यायला गाड्या उभ्या आहेत, असं तिथल्या अमेरिकी कॉन्सलने कळवलं होतं. फोनवर विल्सन, ब्रायन, नौदलमंत्री डॅनियल्स आणि विल्सनचा सचिव टमल्टी. परक्या देशाचं जहाज भर समुद्रात अडवलं तर जर्मनीशी तंटा. त्यापेक्षा कस्टम हाउस ताब्यात घ्यायचं, म्हणजे माल उतरला तरी आपल्याच हातात, असा विचार झाला. विल्सनने हुकूम दिला. सिनेटची मंजुरी आली २२ तारखेला, तेव्हा गोळीबार सुरू होऊन एक दिवस झाला होता.

अ‍ॅडमिरल फ्लेचरने सकाळी साडेअकराच्या सुमारास सुमारे ८०० मरीन आणि खलाशी उतरवले. कस्टम हाउस, पोस्ट, तार ऑफिस, रेल्वे स्टेशन घ्यायचं आणि थांबायचं. विरोध होणार नाही, हा वॉशिंग्टनचा अंदाज. शहरातला मेक्सिकन सेनापती जनरल मास याने मुख्य फौज बाहेर काढली खरी, पण हत्यारं दिलेले कैदी, शहरातले लोक आणि नौदल विद्यालयाची पोरं यांनी गच्च्यांवरून आणि खिडक्यांतून गोळ्या झाडल्या. अमेरिकी खलाशी रस्त्यातून ओळी धरून, कवायतीच्या थाटात चालले होते, ते आयतेच टप्प्यात आले. मग जहाजांवरच्या तोफांनी विद्यालयाची इमारत फोडली. शहर पूर्ण ताब्यात यायला २४ तारीख उजाडली. अमेरिकेचे वीसच्या आसपास मेले, मेक्सिकोचे शंभराहून जास्त, त्यांत सामान्य नागरिक बरेच. व्हिर्जिलिओ उरिबे आणि होसे आसुएता ही दोन तरुण नावं मेक्सिकोत आजही घेतली जातात.

आणि ते जहाज?

इपिरांगाने मे महिन्याच्या शेवटी दक्षिणेकडच्या पुएर्तो मेक्सिको बंदरात माल उतरवला आणि तो हुएर्ताला पोचला. जहाज अडवून ठेवल्याबद्दल अमेरिकेला जर्मनीपुढे दिलगिरी व्यक्त करावी लागली, कारण युद्ध नाही म्हणजे नाकेबंदीचा अधिकारही नाही. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

पण हुएर्ता पडला. म्हणजे जमलं की!

१५ जुलै १९१४ रोजी हुएर्ताने राजीनामा दिला आणि तो जर्मन युद्धनौकेवरून निघून गेला. व्हेराक्रूझचं कस्टम उत्पन्न हातचं गेल्याने त्याची कोंडी वाढली हे खरं. पण त्याला पाडलं ते जूनमध्ये साकातेकास घेणाऱ्या व्हियाच्या फौजेने आणि पश्चिमेकडून उतरलेल्या ओब्रेगोनने.

विल्सनला न उमगलेली गोष्ट अशी की व्हेराक्रूझचा जास्त राग हुएर्ताच्या शत्रूंना आला. कारान्साने ताबडतोब फौज हटवा म्हणून पत्र पाठवलं. जिच्या मदतीसाठी फौज उतरवली ती बाजू म्हणते, भीक नको पण कुत्रा आवर. उघड विरोध केला नाही तो एकट्या व्हियाने, आणि म्हणून वॉशिंग्टनला तो काही काळ फार आवडला.

विल्सनला इथून बाहेर काढलं अर्जेंटिना, ब्राझील आणि चिली यांनी. त्यांच्या मध्यस्थीने कॅनडातल्या नायगारा फॉल्सला बैठका झाल्या. निष्पन्न फारसं काही झालं नाही, पण युद्ध टळलं आणि विल्सनला थांबायला सन्मानाचं निमित्त मिळालं.

फौज निघाली २३ नोव्हेंबरला, म्हणजे हुएर्ता गेल्यावर चार महिन्यांनी. एवढा उशीर का? परक्या फौजेच्या हाताखाली काम करणं मेक्सिकन कायद्यात गुन्हा होता. ज्या कारकुनांनी, मजुरांनी अमेरिकी अमलाखाली नोकरी केली त्यांना शिक्षा होऊ नये, आणि ज्या व्यापाऱ्यांनी जकात अमेरिकेकडे भरली त्यांच्याकडून ती दुसऱ्यांदा वसूल होऊ नये, अशी हमी वॉशिंग्टनला हवी होती. कारान्सा ती द्यायला तयार नव्हता. द्यायची तर ताबा कायदेशीर होता असं कबूल केल्यासारखं होणार. तोवर जनरल फन्स्टनच्या अमलात गटारं उपसली, बाजारात जाळ्या लावल्या, कचरा नियमित उचलला. घाणीवर जगणारी गिधाडं शहर सोडून गेली, असं तेव्हाच्या वर्णनांत येतं. त्याबद्दल कुणी आभार मानले नाहीत, आणि ते अपेक्षितही नव्हतं.

व्हिया तर अमेरिकेचा लाडका होता. मग त्याने कोलंबसवर हल्ला का केला?

एप्रिल १९१५ मध्ये सेलायाला ओब्रेगोनने व्हियाचं घोडदळ काटेरी तारा आणि मशीनगनच्या जोरावर मोडलं. १९ ऑक्टोबरला विल्सनने कारान्साच्या सरकारला प्रत्यक्ष सत्ताधारी म्हणून मान्यता दिली आणि व्हियाचा शस्त्रपुरवठा बंद झाला. नोव्हेंबरच्या पहिल्याच रात्री व्हियाने सरहद्दीवरच्या आग्वा प्रिएता या मेक्सिकन गावावर धडक मारली. तिथे मोजकी शिबंदी असेल असं तो धरून होता. पण विल्सनने कारान्साच्या सैन्याला अमेरिकी हद्दीतून, अमेरिकी रेल्वेने तिथे पोचू दिलं होतं. व्हियाची माणसं सर्चलाइटच्या झोतात कापली गेली. तेव्हापासून तो अमेरिकेला दगाबाज म्हणू लागला.

९ मार्च १९१६ च्या पहाटे त्याच्या सुमारे ४८५ माणसांनी न्यू मेक्सिकोतलं कोलंबस गाव आणि शेजारची लष्करी छावणी गाठली. १८ अमेरिकी मेले, व्हियाची माणसं त्याच्या कितीतरी पट. सूड, घोडे-हत्यारांची गरज आणि कारान्साला अमेरिकेशी भिडवायचा डाव, अशी तिन्ही कारणं सांगितली जातात आणि ती एकमेकांना छेद देत नाहीत. जर्मनीने घडवून आणलं असं म्हणणाऱ्यांकडे ठोस पुरावा नाही.

अमेरिकी फौजेला कारान्साची परवानगी होती का?

या सगळ्या प्रकरणाची खरी मेख इथे आहे. १८८० च्या दशकात अपाचे टोळ्यांचा पाठलाग करताना एकमेकांच्या हद्दीत शिरायची मुभा दोन्ही देशांनी दिली होती. १० मार्चला कारान्साने त्याच धर्तीवर प्रस्ताव ठेवला, पण त्यात एक ‘जर’ होता: कोलंबससारखा हल्ला सरहद्दीवर दुसरीकडे पुन्हा झाला, तर. म्हणजे मुभा पुढच्या हल्ल्यासाठी, झालेल्यासाठी नाही. वॉशिंग्टनने १३ तारखेला उत्तर दिलं की प्रस्ताव मान्य आणि व्यवस्था आत्तापासून लागू. ‘जर’ गिळून टाकला. १५ मार्चला जनरल जॉन पर्शिंग सरहद्द ओलांडून आत गेला.

कारान्सालाही उघड ‘नाही’ म्हणून युद्ध ओढवायचं नव्हतं आणि ‘हो’ म्हणून देशात तोंड दाखवायची सोयही घालवायची नव्हती. दोघांनीही संदिग्धता सोयीची म्हणून ठेवली आणि पुढचे अकरा महिने तीच दोघांना नडली.

व्हियाला पकडणं हाच हुकूम होता ना?

वर्तमानपत्रांना सांगितला तो तसा. १० मार्चच्या निवेदनात व्हियाला पकडणं हा एकमेव उद्देश म्हटलं आणि मेक्सिकोच्या सार्वभौमत्वाचा पूर्ण मान राखू अशी ग्वाही दिली. पर्शिंगच्या हातातल्या लेखी आदेशात मात्र व्हियाला पकडण्याचा उल्लेख नाही. कोलंबसवर हल्ला करणाऱ्या टोळीचा पाठलाग करायचा, मेक्सिकोचं सरकार काम हाती घेऊ शकलं की परत यायचं, आणि टोळी मोडली की काम संपलं समजायचं.

फरक पडला तो लष्करप्रमुख ह्यू स्कॉटमुळे. एका माणसाविरुद्ध युद्ध पुकारणार का, तो गाडीत बसून ग्वाटेमालाला गेला तर काय कराल, असं त्याने नुकत्याच रुजू झालेल्या युद्धमंत्री न्यूटन बेकरला विचारलं. बेकरने ऐकलं आणि आदेशाची भाषा बदलली. आदेशाप्रमाणे मोजलं तर मोहीम जून १९१६ पर्यंत बऱ्यापैकी फत्ते झाली होती. निवेदनाप्रमाणे मोजलं तर साफ फसली. लोकांनी निवेदन वाचलं होतं.

फौज एवढी मोठी, मग अडली कुठे?

रसदीत. सुरुवातीला सुमारे ४,८०० माणसं, पुढे दहा हजारांच्या वर. घोडदळाच्या घोड्याचा ठरलेला रोजचा शिधा १२ पौंड ओट आणि १४ पौंड वाळलं गवत. उत्तर मेक्सिकोतल्या चिवावाच्या वाळवंटात ओट नाही आणि मार्चमध्ये गवतही नाही. स्थानिक मका घातला तर सवय नसलेले घोडे पोटाने बिघडत. पुढे गेलेल्या तुकड्या अधिकाऱ्यांच्या खिशातल्या पैशांवर दाणा विकत घेत होत्या, आणि कारान्साचा कागदी पैसा शेतकरी हातात धरत नव्हते.

सरळ उपाय होता रेल्वे. कारान्साने लष्करी वापराला नकार दिला. नंतर व्यापारी माल म्हणून खासगी नावावर काही सामान जाऊ दिलं. म्हणून ट्रक. संसदेची मंजुरी यायच्या आधीच साडेचार लाख डॉलरचे ट्रक घ्यायला लावून स्कॉटने मग बेकरला सांगितलं. बेकरने जबाबदारी आपल्या अंगावर घेतली. २७ ट्रकची एक कंपनी, अशा दोन कंपन्यांपासून सुरुवात झाली. जेफरी क्वाड आणि व्हाइट या वेगवेगळ्या बनावटी, त्यामुळे एकाचा सुटा भाग दुसऱ्याला चालत नाही. लष्करात ड्रायव्हर आणि मेकॅनिक जवळजवळ नव्हते, बाहेरून पगारी आणावे लागले. कोरड्या मातीत चाकोऱ्या खोल जात, पावसाळ्यात त्याच चाकोऱ्यांत आस टेकत. शेवटी इंजिनिअर पलटणींना रस्ताच बांधायला बसवलं.

विमानं होती म्हणतात. त्यांचा उपयोग झाला का?

पहिल्या एअरो स्क्वॉड्रनची आठ कर्टिस जेएन-३ विमानं होती. टेहळणी करायची आणि पुढच्या तुकड्यांना निरोप पोचवायचे, एवढंच काम. ९० अश्वशक्तीचं इंजिन, समोर १०,००० फुटांच्या डोंगररांगा. विमान खिंडीपर्यंत चढत नसे, आणि चढलं तर डोंगरावरून कोसळणारा वारा त्याला खाली दाबत असे. कोरड्या हवेत लाकडी प्रोपेलरचे थर डिंक सुटून उकलत. उड्डाण संपलं की प्रोपेलर उतरवून दमट पेटीत ठेवायची वेळ आली. २० एप्रिलपर्यंत आठांतली दोन उरली. पहिल्या महायुद्धाआधी अमेरिकी हवाई दलाची अवस्था काय होती ते संसदेला त्यामुळेच कळलं, हा उपयोग.

व्हिया इतका जवळ असून सापडला कसा नाही?

एकदा थोडक्यात निसटला. २७ मार्चला गेरेरो गावात कारान्साच्या शिबंदीवर हल्ला करताना त्याच्या पायाला गोळी लागली. २९ तारखेला कर्नल डॉड, वय वर्षं ६३, सतरा तासांत ५५ मैल घोडदौड करून गेरेरोला पोचला. व्हिया त्याआधीच गेला होता. त्यानंतर तो काही आठवडे डोंगरातल्या गुहेत पडून राहिला.

मुख्य कारण मात्र लोक. व्हियाला शिव्या देणारेही परक्या घोडेस्वाराला वाट दाखवत नव्हते. मग विचारपूस म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. १२ एप्रिलला मेजर टॉम्पकिन्स पार्रालला पोचला, सरहद्दीपासून ४०० मैलांहून आत. तिथल्या जमावाने आणि कारान्साच्याच शिपायांनी त्याला गोळ्या घालत बाहेर काढलं. मोहिमेचं दक्षिणेकडचं टोक तेच. यापुढे पर्शिंगचा खरा सामना व्हियाऐवजी कारान्साशी होता.

जून १९१६ मध्ये युद्ध जवळजवळ सुरू झालं होतं. थांबलं कसं?

१६ जूनला कारान्साचा सेनापती जनरल त्रेविन्यो याने पर्शिंगला तार केली: उत्तरेखेरीज कोणत्याही दिशेला हललात तर हल्ला करू. १८ तारखेला विल्सनने सगळ्या राज्यांचे नॅशनल गार्ड सरहद्दीवर बोलावले, लाखाहून जास्त माणसं. २१ तारखेला कॅप्टन बॉइड दहाव्या घोडदळाच्या, म्हणजे कृष्णवर्णीय सैनिकांच्या, दोन तुकड्या घेऊन कारिसालजवळ आला. टेहळणी करायची, झुंज टाळायची, असं पर्शिंगने तोंडी सांगितलेलं. मेक्सिकन सेनापती फेलिक्स गोमेस म्हणाला, गावातून जाऊ देणार नाही. बॉइडने वळसा न घालता सरळ उघड्या मैदानातून चाल केली, समोर मशीनगन. बॉइड मेला, गोमेसही मेला, बरेच अमेरिकी पकडले गेले.

पहिल्या बातम्यांत दोष मेक्सिकोचा होता. विल्सनने संसदेपुढे करायचं भाषण लिहून काढलं आणि कैदी सोडा अशी निर्वाणीची मागणी केली. तेवढ्यात बचावलेल्या कॅप्टन मोरीने जखमी असताना लिहिलेला वृत्तांत समोर आला. चाल अमेरिकेने केली हे त्यातून स्पष्ट होत होतं. युद्धविरोधी संघटनेने तो छापून आणला, व्हाइट हाउसमध्ये तारांचा ढीग पडला. कारान्साने कैदी सोडून दिले. भाषण झालंच नाही. ३० जूनला न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांपुढे बोलताना विल्सनने मेक्सिको जिंकून अमेरिकेचा मान वाढेल का, असा उलट प्रश्न केला.

ताम्पिकोत अ‍ॅडमिरलचा शब्द विल्सनने आपला करून घेतला होता. कारिसालनंतर कॅप्टनची चूक त्याने आपली करून घेतली नाही. दोन वर्षांतला हा फरक आमच्या मते त्याच्या मेक्सिको धोरणातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

मग फौज लगेच का नाही परतली?

नोव्हेंबरमध्ये निवडणूक होती, आणि तोंडघशी पडून माघार घेतली असं दिसणं परवडणारं नव्हतं. सप्टेंबरपासून कनेक्टिकटमधल्या न्यू लंडनला आणि मग अटलांटिक सिटीला दोन्ही देशांचे तीन-तीन प्रतिनिधी बसले. २४ नोव्हेंबरचा मसुदा ४० दिवसांत माघार घ्यायचा होता, पण अटींसह. कारान्साने अट नको, नुसती माघार हवी म्हणून तो नाकारला. जानेवारी १९१७ मध्ये आयोग मोडला आणि विल्सनने कोणत्याही अटीविना फौज परत बोलावली, कारण जर्मनीशी युद्ध दिसू लागलं होतं. शेवटची तुकडी ५ फेब्रुवारीला बाहेर पडली. त्याच दिवशी केरेतारोत मेक्सिकोची नवी राज्यघटना जाहीर झाली. पर्शिंगबरोबर मेक्सिकोतले निर्वासितही बाहेर पडले, त्यांत पाचशेहून जास्त चिनी होते.

त्सिमरमान तार याच प्रकरणातली का?

हो. जर्मन परराष्ट्रमंत्र्याने १६ जानेवारी १९१७ ला पाठवलेल्या तारेत मेक्सिकोला टेक्सास, न्यू मेक्सिको आणि अ‍ॅरिझोना परत मिळवण्याची लालूच दाखवली होती. पर्शिंग अजून मेक्सिकोत असताना ही कल्पना बर्लिनला शक्य वाटली. कारान्साने ती शेवटी स्वीकारली नाही.

या सगळ्याचा मराठी माणसाशी काही संबंध?

थोडा, पण खरा. १९१५ मध्ये गदर चळवळीसाठी जर्मन पैशातून घेतलेल्या हजारो रायफली ‘अ‍ॅनी लार्सन’ या जहाजावर सॅन डिएगोला चढवल्या, त्या मेक्सिकोतल्या एका गटासाठी आहेत अशी बतावणी करून. शस्त्रबंदी उठल्यावर मेक्सिकोच्या नावावर बंदुका घेणं नेहमीचंच झालं होतं, म्हणून ती खपली. दुसऱ्या जहाजाशी मेक्सिकोच्या सोकोर्रो बेटाजवळ गाठ पडायची होती, ती चुकली आणि माल वॉशिंग्टन राज्यात जप्त झाला. त्याच गदर चळवळीतले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि मका-गव्हाच्या वाणांवर काम केलं. दिएगो रिवेराच्या एका भित्तिचित्रात त्यांचा चेहरा आहे.

नावं मराठीत कशी लिहावीत?

इंग्रजी स्पेलिंगवरून लिहिली की घोटाळा होतो. ‘व्हिला’ लिहिलं तर लोणावळ्याचा बंगला आठवतो. स्पॅनिशमध्ये दोन एल म्हणजे य, म्हणून व्हिया. सुरुवातीचा एच मुका, त्यामुळे हुएर्ताचा उच्चार खरं तर ‘वेर्ता’. पण मराठीत हुएर्ता रुळलंय, तेच ठेवलं आहे. जे म्हणजे ह: हुआरेस, जुआरेझ नव्हे. झेडचा तिथला उच्चार स, म्हणून कारान्सा. व्हेराक्रूझ मात्र नकाशांत तसंच छापतात, तेव्हा शोधताना सापडावं म्हणून तसंच लिहिलं आहे.